स्वच्छ नमुना

पोटच्या पोराच्या बाथरूममध्ये चोरासारखं शिरायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. वसुधा सरनोबतवर ती एका रविवारी सकाळी आली. निषाद अंगणात दंताळ्याने मेपलची पानं ओढत होता आणि ती वरच्या मजल्यावर त्याच्या बाथरूमचं दार आतून लावून उभी होती. हातात रबरी मोजे, बोटांत कापसाचा बोळा लावलेली काडी. खाली दंताळं थांबलं की तिचा हातही थांबे. कमोडच्या आतल्या कडेवरून तिने काडी दोनदा फिरवली, झाकणाच्या नळीत घातली आणि नळी पर्समधल्या चष्म्याच्या डबीत ठेवली. मग फ्लश केलं. गरज नव्हती, पण केलं.

साल दोन हजार त्रेचाळीस, गाव अमेरिकेतलं टोलेडो. वसुधा मूळची इचलकरंजीची, वय अठ्ठावन्न. खेळाडू उत्तेजक घेतात की नाही हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं नोकरी. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. एकुलता एक मुलगा निषाद, चोवीस वर्षांचा, टोलेडो हेरन्स या व्यावसायिक संघाचा किकर.

अमेरिकन फुटबॉल नावाच्या खेळात पायाचा संबंध फारसा येत नाही, हे वसुधाला इथे आल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. चेंडू काखेत मारून पळायचं आणि पळणाऱ्याला बाकीच्यांनी आडवं पाडायचं, असा एकंदर मामला. चेंडूला लाथ मारण्यासाठी अख्ख्या संघात एकच माणूस बाळगलेला असतो. तो दिवसभर बाकावर बसतो आणि शेवटच्या मिनिटाला त्याला म्हणतात, जा, दोन खांबांच्या मधून चेंडू काढ, सगळा सामना तुझ्यावर आहे. असल्या कामाला आपला मुलगा का गेला हे तिला कधीच कळलं नाही. पण गेला, आणि चमकला.

जुलैच्या अखेरीस सरावात निषादच्या उजव्या मांडीचा स्नायू फाटला. डॉक्टर म्हणाले, चौदा आठवडे. नोव्हेंबरच्या आधी मैदानाचं नाव काढू नकोस. मुलगा आईकडे राहायला आला. आणि सप्टेंबरच्या मध्यावर, सातव्या आठवड्यात, डॉक्टरांनी स्नायूचं चित्र काढलं तर फाटल्याची खूण शोधावी लागली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी निषादने एकसष्ट यार्डांवरून चेंडू खांबांमधून काढला. इतक्या लांबून त्याने आयुष्यात कधी मारला नव्हता. सोमवारी प्रयोगशाळेत सगळ्यांनी वसुधाचं अभिनंदन केलं. करताना प्रत्येकजण अर्धा क्षण जास्तच तिच्या तोंडाकडे बघत होता.

ती तरी काय वेगळं करत होती? टीव्हीसमोर बाकीचे टाळ्या वाजवत होते तेव्हा ती बोटांवर आठवडे मोजत होती. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांकडे ज्या डोळ्यांनी बघितलं, ते घरी येताना काढून ठेवता येत नाहीत. पुढच्या आठवड्यात संघाला सुट्टी होती. निषाद शनिवारीच घरी आला, आणि रविवारी ती काडी घेऊन वर गेली.

गेल्या सहा-सात वर्षांत या चोर-पोलिसांच्या खेळाची सगळी तऱ्हाच बदलली होती. पूर्वी खेळाडू गोळी घेत नाहीतर सुई टोचून घेत. त्या औषधाचे तुकडे लघवीत उतरत आणि तपासणारे ते हुडकत. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, की औषध बाहेरून द्यायचंच कशाला? माणसाच्या आतड्यात अब्जावधी जिवाणू सुखाने नांदतातच. त्यातलाच एक गरीब, निरुपद्रवी जिवाणू घ्यायचा, त्याच्या गुणसूत्रात एक नवा तुकडा शिवायचा आणि त्याला एक काम लावून द्यायचं, एक ठरावीक प्रथिन बनवत राहायचं. हे प्रथिन रक्तात उतरतं आणि स्नायूंमधल्या झोपलेल्या पेशींना जागं करतं. फाटलेलं सांधतं, थकलेलं ताजं होतं. बरं, हे प्रथिन आपलं शरीर स्वतःही थोडंफार बनवतं. त्यामुळे रक्त बघा नाहीतर लघवी बघा, परकं असं काही सापडत नाही. खेळाडू या जिवाणूला 'भाडेकरू' म्हणत. एकदा घोटभर पोटात गेला की पुन्हा काही घ्यावं लागत नसे. तो आपला राहायचा आणि काम करायचा.

वसुधाच्या प्रयोगशाळेने त्याला पकडायची युक्ती काढली. शिवण कितीही बारीक असली तरी शिवणच. मूळ गुणसूत्र आणि शिवलेला तुकडा जिथे एकमेकांना भेटतात तो जोड निसर्गात कुठेच नसतो. त्या जोडाच्या लाखो प्रती काढून दाखवणारं यंत्र त्यांनी बसवलं. नमुन्यात पाच-दहा जिवाणू असले तरी पुरे. मात्र नमुना शौचाचा लागे. खेळाडूंनी आरडाओरडा केला, त्यांची संघटना कोर्टात गेली आणि हरली.

यंत्राच्या प्रत्येक खेपेत एक नमुना खात्रीचा स्वच्छ ठेवावा लागे. तोही पॉझिटिव्ह आला तर समजायचं की यंत्रात किंवा हाताळणीत घाण झाली आहे, आणि त्या खेपेतले सगळे निकाल रद्द. प्रमाणित स्वच्छ नमुने वेळेवर येत नसत, म्हणून वसुधाने एप्रिलमध्ये स्वतःच्याच नमुन्याच्या साठ नळ्या करून गोठवून ठेवल्या होत्या. "माझ्याइतकं स्वच्छ इथे दुसरं कोण आहे?" असं तेव्हा ती म्हणाली होती, आणि सगळे हसले होते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने दोन नळ्या यंत्रात लावल्या. एक एप्रिलची स्वतःची, एक बिननावाची. चाळीस मिनिटांनी पडद्यावर पहिली रेघ सपाट होती. दुसरी जिन्यासारखी वर चढली होती.

त्या संध्याकाळी निषाद दोन्ही कोपर टेबलावर टेकून जेवत होता. भात, आमटी, मग पुन्हा भात आणि त्यावर दही, लहानपणापासूनची सवय. वसुधाने सरळच विचारलं.

"तू काही घेतलंयस का, निषाद?"

"काही म्हणजे?"

"मी कुठे काम करते ते तुला माहीत आहे. काही म्हणजे काय ते मला सांगायला लावू नकोस."

तो जेवायचा थांबला. "आई, तू सीरियसली विचारतेस?"

"चौदा आठवड्यांची दुखापत सातात बरी झाली. डॉक्टर तोंडात बोट घालतात. एकसष्ट यार्ड! कोणीही विचारेल."

"कोणीही विचारू दे. तू विचारतेस." त्याने ताट पुढे सारलं. "मी बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही, सील तोडलेलं असलं तर. तूच शिकवलंस. बाबांची शपथ, मी काहीही घेतलेलं नाही. अजून काय करू?"

बापाचं नाव घेताना त्याचा आवाज चिरकला. त्या क्षणी वसुधाला वाटलं, हा खरं बोलतोय. तिला इतकं हलकं वाटलं की तिने उठून त्याच्या केसांतून हात फिरवला, आणि तो पाच वर्षांचा असल्यासारखा मान खाली घालून बसला. हे हलकेपण एक रात्र टिकलं.

प्रयोगशाळेत नोकरी धरताना एका कागदावर सही करावी लागते. कोणत्याही खेळाडूबद्दल काही कळलं तर तीन दिवसांच्या आत गुप्त क्रमांकावर कळवायचं, मग तो कोणी का असेना. निषादचे अधिकृत नमुने नियमाप्रमाणे तिच्या प्रयोगशाळेत येतच नसत. ते पश्चिम किनाऱ्यावर जात. तिने तोंड मिटून घेतलं असतं तर चिटपाखरालाही कळलं नसतं. पण मग या एकवीस वर्षांत तिच्या सहीने ज्या मुलांची नावं फळ्यावरून पुसली गेली, त्यांना काय सांगायचं? बुधवारी दुपारी तिने गाडीत बसून, काचा वर करून, फोन केला. नाव सांगितलं, संघ सांगितला. स्वतःचं नाव गुप्त ठेवा म्हणाली.

शनिवारी हेरन्सच्या सरावावर दोन तपासनीस आले आणि फक्त निषादला बाजूला घेऊन गेले. दहा दिवसांत पत्र आलं. पॉझिटिव्ह. तात्काळ निलंबन. वीस नोव्हेंबरला तीन जणांच्या मंडळासमोर सुनावणी, आणि दोष सिद्ध झाला तर चार वर्षं बंदी. किकरसाठी चार वर्षं म्हणजे जन्मठेपच. या खेळाचा नियम कठोर आणि सोपा: शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. कसं आलं ते तुम्ही शाबीत करा.

निषाद पत्र घेऊन आईकडेच आला. पत्रातल्या एकाच ओळीवर त्याचं बोट होतं.

"'गुप्तपणे मिळालेल्या माहितीवरून.' म्हणजे कोणीतरी चुगली केली. आणि मला माहीत आहे कोणी."

वसुधाने हातातला पेला टेबलावर ठेवला.

"डेल्विन," तो म्हणाला.

डेल्विन हा निषादचा होल्डर. किकर लाथ मारतो तेव्हा एक माणूस गुडघ्यावर बसून चेंडू एका बोटाने जमिनीवर उभा धरतो. त्याच्या बोटापासून चार इंचांवर पूर्ण ताकदीची लाथ बसते. धरणाऱ्याचा मारणाऱ्यावर भरवसा लागतो आणि मारणाऱ्याचा धरणाऱ्यावर. गेली दोन वर्षं डेल्विन दर दिवाळीला वसुधाकडे येऊन चकल्या संपवून जात असे.

"डेल्विन कशाला करेल?"

"त्याने पाहिलं होतं. ऑगस्टमध्ये दुखापतीचा व्यायाम करायचो त्या जिममध्ये एक ट्रेनर आला, मला एक बाटली दिली. पोटाला चांगलं, म्हणाला. डेल्विन शेजारी होता. त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नाही."

"म्हणजे बाटली होती," वसुधा म्हणाली.

"होती. मी प्यायलो नाही. टीमच्या डॉक्टरला दाखवणार होतो, राहून गेलं, फेकून दिली."

खाई त्याला खवखवे, असं तिच्या मनात आलं. न पिणारा माणूस बाटली घेतो कशाला? निषादने ते तिच्या चेहऱ्यावर वाचलं आणि पत्र घडी करून खिशात घातलं. त्याच दिवशी त्याने डेल्विनला फोन करून जे तोंडाला येईल ते सुनावलं. वसुधा बाजूच्या खोलीत बसून ऐकत होती. दोन शब्द बोलली असती तर ते थांबलं असतं. ते दोन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एप्रिलच्या नळ्या संपल्या. वसुधाने ताज्या केल्या. एवढ्या सगळ्या मनस्तापातही ही गोष्ट तिने नीट केली, तारीख घातली, सही केली. दुसऱ्या दिवशी तिची सहकारी रेनी पडद्यासमोरून म्हणाली, "वसुधा, खेप फुकट गेली. स्वच्छ नमुना वर चढलाय."

"पुन्हा लाव."

पुन्हा लावला. यंत्र धुतलं, नवी रसायनं काढली, हातमोजे बदलले. रेनीने तिसऱ्यांदा स्वतःच्या हाताने लावला, आणि शेजारी शंका नको म्हणून स्वतःचाही लावला. रेनीची रेघ सपाट राहिली. वसुधाची तिसऱ्यांदा वर चढली.

रेनीने आपली खुर्ची जराशी मागे घेतली. वसुधाला ती हालचाल ओळखीची होती. इतकी वर्षं ती स्वतः तशीच मागे सरत आली होती.

"मी काही घेतलेलं नाही," वसुधा म्हणाली. म्हणताना तिला जाणवलं, हेच वाक्य अगदी असंच तिने हजार वेळा वाचलेलं आहे, खेळाडूंच्या जबाबात.

ती बाहेर बाकावर जाऊन बसली आणि मोजू लागली. एप्रिलमध्ये नव्हता, आता आहे. मुलाच्या पोटात आहे आणि आईच्याही. गेले दोन-तीन महिने जिना चढताना तिचे गुडघे कुरकुरत नव्हते. ते तिने सकाळच्या फिरण्याच्या खात्यावर जमा केलं होतं. दोघं एका ताटात जेवत नाहीत, पण एका पातेल्यातलं जेवतात. आणि हा जिवाणू कोणत्या कुळातला? दह्याच्या जिवाणूचा सख्खा चुलतभाऊ. हे वाक्य तिने स्वतःच एका शोधनिबंधात लिहिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच.

ऑगस्टच्या सुरुवातीला ती इचलकरंजीहून परतली होती, भावाच्या मुलीच्या लग्नाहून. तीन आठवडे घर बंद. निषाद तिच्या आधी दोन दिवस येऊन राहिलेला. फ्रिजमधल्या तिच्या विरजणाला हिरवी बुरशी धरली होती. एकोणीस वर्षं तिने ते विरजण जिवंत ठेवलं होतं, रोज चमचाभर मागे ठेवून. दुकानातलं दही लावलं तर इथे तार सुटते. तेवढ्यात दुधाच्या मागे एक बिनचिठ्ठीची बाटली दिसली, आत पांढरं, दाट, आंबट काहीतरी. शेजारच्या पोलिश हालिनाबाईंकडे घराची किल्ली असे; त्या अधूनमधून आंबवलेल्या दुधाच्या बाटल्या ठेवून जात, हिच्याकडून लिंबाचं लोणचं नेत. वसुधाने बोट बुडवून चाखलं. आंबटपणा बेताचा, वास चांगला. चमचाभर कोमट दुधात घातलं. सकाळी दही असं लागलं होतं की वाटी उपडी केली तरी हलेना. तिला इतका आनंद झाला की त्या आठवड्यात सहा मराठी घरांना तिने विरजण वाटलं.

तिने तिथूनच हालिनाबाईंना फोन लावला.

"ऑगस्टमध्ये?" हालिनाबाई म्हणाल्या. "अगं, अख्खा ऑगस्ट मी मुलीकडे शिकागोला होते. मी कुठली बाटली ठेवणार?"

मग निषादला. तो आजकाल तिचे फोन तिसऱ्या-चौथ्या खेपेला उचले.

"ती बाटली फेकण्याआधी कुठे ठेवली होतीस?"

"तुला काय करायचंय?"

"सांग, बाळा."

"तुझ्या फ्रिजमध्ये. दुधाच्या मागे. का?"

फोन कानाला धरून वसुधा रडू लागली. बाहेर लोक येत-जात होते, ती रडत राहिली.

सहा घरांना फोन करणं हे काही सोपं काम नव्हतं. मराठी मंडळाच्या कुमुदताई चौगुल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "वसुधाताई, तुमच्याकडून विरजण नेलं हे खरं. पण आता तुम्ही जे मागताय ते कोणी डबीत घालून देतं का हो?"

"दुसऱ्या प्रयोगशाळेत जाईल. नाव कुठे येणार नाही. निषादसाठी द्या."

"तरीच ह्यांचा खांदा!" कुमुदताई एकदम म्हणाल्या. "चार वर्षं वर जात नव्हता, दसऱ्याला तोरण बांधलं ह्यांनी." मग आवाज बदलला. "खरं सांगा हं, तुमच्या लॅबमधलं काही घरी येतं का? म्हणजे चुकून?"

"नाही हो."

"नाही, आपलं विचारलं," कुमुदताई म्हणाल्या. सहापैकी चार घरांनी डब्या दिल्या. चारही पॉझिटिव्ह निघाल्या. त्यानंतर मंडळाच्या कार्यक्रमात वसुधाने आणलेल्या पदार्थाला कोणी हात लावेनासं झालं. तिने ते मुकाट्याने सोसलं. संशय ही काय चीज आहे ते तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

निषादची वकील पेट्रा ऑर्टेगा ही बुटकी, तडफदार बाई होती. तिने वसुधाला एकटीलाच बोलावलं.

"दह्याची गोष्ट छान आहे," ती म्हणाली. "फक्त एक अडचण. सुनावणीचं मंडळ म्हणेल, मुलगा अडकल्यावर आईने हे रचलं. तुम्ही शास्त्रज्ञ आहात. जिवाणू कुठे मिळतो, दुधात कसा घालायचा, मैत्रिणींना कधी वाटायचा, सगळं तुम्हाला येतं. प्रत्येक आई मुलासाठी खोटं बोलते."

वसुधाला राग आला नाही. ती त्या मंडळावर असती तर तिनेही हेच म्हटलं असतं.

"आणि अजून एक," ऑर्टेगाने कागद पुढे केला. "यंत्राच्या नोंदी मी मागवल्या. एकोणीस ऑक्टोबरला तुमच्या नावाने एक बिननावाचा नमुना चालवला गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. पॉझिटिव्ह. ते मंडळाकडेही आहे. तो तुमचा असेल तर आपण बुडालो. याचा अर्थ तुम्हाला महिनाभर आधी ठाऊक होतं."

वसुधाने खिडकीबाहेर बघितलं. मग सगळं सांगितलं. काडी, चष्म्याची डबी, शपथ, गाडीतला फोन. ऑर्टेगाचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"तुम्ही? टीप तुम्ही दिलीत?"

"हो."

"मग आपण वाचलो!" वकीलबाई अक्षरशः उभी राहिली. "ज्या आईने स्वतःच्या मुलाला पकडून दिलं, ती त्याच्यासाठी गोष्टी रचते असं कोण म्हणेल? तुम्ही त्याच्यावर संशय घेतलात, हाच त्याच्या बाजूने सगळ्यात मोठा पुरावा आहे. तुम्हाला ठाऊकच नव्हतं ते दही कसलं आहे. गुप्त क्रमांकाच्या कार्यालयाला तुम्ही परवानगी दिलीत की ते वेळ आणि आवाज दोन्ही देतील."

"निषाद तिथे बसलेला असेल?"

"अर्थात. सुनावणी त्याची आहे."

"त्याला न ऐकवता नाही का करता येणार?"

ऑर्टेगा पुन्हा खाली बसली. "नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजातली तडफ गेली होती. "हवं तर आज घरी जाऊन त्याला सांगा."

वसुधाकडे चार दिवस होते. रोज ती फोन हातात घेई आणि ठेवून देई. मुलगा आता कुठे पुन्हा घरी येऊ लागला होता. दह्याचं कळल्यापासून त्याने तिला दोनदा मिठी मारली होती, हसून म्हणाला होता, "आई, जगात एवढे डोपर झाले, पण विरजण लावून कोणी केलं नसेल." त्या हसण्याला तडा द्यायची तिची छाती झाली नाही. चूक तिचीच होती, आणि ती करताना तिला कळतही होतं.

वीस नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता एका हॉटेलच्या सभागृहात सुनावणी भरली. समोर तिघे, मध्ये अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश. निषाद कोट घालून वकिलाशेजारी. मागच्या रांगेत, एकटा, डेल्विन. इतकं ऐकून घेऊनही तो साक्षीला आला होता. ट्रेनरने निषादला न मागता बाटली दिली, आणि निषादने झाकण उघडून वास घेऊन ती बॅगेत टाकली, असं त्याने चार वाक्यांत सांगितलं आणि निषादकडे न बघता जागेवर जाऊन बसला.

मग वसुधा. विरजण म्हणजे काय हे समजावून सांगायला तिला दहा मिनिटं लागली. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"डॉक्टर सरनोबत, एकोणीस ऑक्टोबरचा तो नमुना कोणाचा?"

वसुधाने मुलाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघून किंचित हसला, धीर द्यावा तसा. त्याला वाटत होतं, आईला इंग्रजी शब्द आठवत नसेल.

"माझ्या मुलाचा," ती म्हणाली. "त्याला न सांगता घेतलेला. त्याच्या बाथरूममधून."

"का?"

"मला त्याचा संशय आला होता."

"निकाल पाहिल्यावर आपण काय केलंत?"

"त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. मग मी गुप्त क्रमांकावर फोन केला. त्याला पकडून मी दिलं."

निषादने आधी मान वळवून मागे डेल्विनकडे पाहिलं. मग सावकाश आईकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला सोसला असता. तो फक्त समजून घेत होता, एकेक गोष्ट, दिवसामागून दिवस.

"शेवटचा प्रश्न," अध्यक्ष म्हणाले. "आपला मुलगा निर्दोष आहे असं आपल्याला प्रथम केव्हा वाटलं? त्याने तसं सांगितलं तेव्हा?"

हो म्हणता आलं असतं. एवढं एक लहानसं हो म्हटल्याने कोणाचं काही बिघडलं नसतं, असं कोणालाही वाटेल. पण हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग फोन का केलात? आणि सगळं पुन्हा ढासळलं असतं.

"नाही," वसुधा म्हणाली. "माझा स्वतःचा नमुना पॉझिटिव्ह आला तेव्हा."

मंडळाने चाळीस मिनिटं घेतली. निर्दोष. औषधोपचाराने जिवाणू काढून टाकावा, तपासणी स्वच्छ आली की खेळाडूने मैदानात परतावं. ट्रेनरची चौकशी व्हावी. आणि प्रयोगशाळेने डॉक्टर सरनोबत यांच्या वर्तनाचा वेगळा विचार करावा. तो विचार काय होणार हे तिला ठाऊक होतं. तिने राजीनामा लिहूनच आणला होता.

गाड्या उभ्या होत्या तिथे बोचरा वारा होता. निषाद आधी डेल्विनकडे गेला. दोघं लांब उभे राहून बोलले. बोलणं कमी आणि खाली बघणंच जास्त. शेवटी डेल्विनने त्याच्या खांद्यावर थाप मारली, पण पूर्वीसारखी नाही, आणि गाडी काढून निघून गेला. मग निषाद तिच्याकडे आला. कोटाच्या खिशात हात घालून तो तिच्यासमोर उभा राहिला, तिच्याहून वीतभर उंच.

"तू मला वाचवलंस," तो म्हणाला. "कळतंय मला."

"निषाद..."

"एकच विचारतो. त्या दिवशी जेवताना मी बाबांची शपथ घेतली. तू उठून माझ्या डोक्यावर हात ठेवलास. तेव्हा तुला एक क्षणभर तरी वाटलं, की हा खरं बोलतोय?"

"वाटलं होतं," वसुधा म्हणाली. "देवाशप्पथ वाटलं होतं."

"मग?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. आता खोटं बोलून वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मग दुसऱ्या दिवशी जाऊन मी परत तपासलं."